फांसा, पंच आणि यंत्र

गेल्या दिवाळींत जळकोटास एका स्नेह्यांच्या घरीं चार दिवस राहण्याचा योग आला. लातूर जिल्ह्याच्या पूर्वेकडील, नांदेडच्या शिवेलगतचें हें गांव. सोयाबीनची रास नुकतीच घरांत आलेली, पोत्यांची थप्पी ओसरीपर्यंत लागलेली, आणि घरांतील कर्त्या माणसांना बाजारभावाखेरीज दुसरा विषय सुचूं नये अशी ती वेळ. अशा वेळीं पाहुण्यानें म्हातारीं माणसें आणि मुलें यांच्यांत जाऊन बसावें हें उत्तम. माडीवर या घरचा नातू, जो पुण्यास शिकावयास असतो, संगणकासमोर तासन्‌तास बसलेला असे. आणि त्याच्या आजी, ज्यांनीं ऐंशीचें वय केव्हांच ओलांडलें आहे, दुपारची झोप झाली कीं भिंतीच्या आधारानें जिना चढून त्याच्या मागें येऊन बसत.

पडद्यावर एका अंधाऱ्या तळघरांत सहा जणांची टोळी लढत होती. पाहतां पाहतां नायक पडला. मुलानें एक कळ दाबली, आणि तोच नायक त्याच दारापाशीं धडधाकट उभा राहिला.

"आत्ता तर मेला होता की रे हा," आजी म्हणाल्या. "मग परत कसा आला?"

"मागचं जपून ठेवलेलं असतंय, आजी. मागं जायचं आणि परत खेळायचं."

"म्हणजे सापानं गिळलं तरी तुम्ही वर ते वरच! असला कसला रे खेळ?"

आम्ही हंसलों खरे. पण प्रश्न साधा नव्हता. दुसऱ्या दिवशीं आजींनीं ट्रंकेच्या तळाशीं घडी घालून ठेवलेला एक कापडी पट काढून दाखविला. शंभर वर्षांहून फार जुना नसावा. तांबड्या-काळ्या रंगाचे साप, मधून मधून शिड्या, तळाशीं जन्म, माथ्यावर वैकुंठ, आणि मधल्या घरांतील अक्षरें निम्म्याहून अधिक पुसलेलीं. एकादशीची रात्र जागवावयास लहानपणीं हा पट मांडीत, असें त्यांनीं सांगितलें. कवड्या मात्र आतां घरांत उरलेल्या नाहींत.

खालीं हा पट आणि वर तो पडदा, असे दोन खेळ एका छपराखालीं पाहिल्यावर त्यांचें कांहीं नातें आहे काय, हें शोधण्याची इच्छा होणें साहजिक आहे. नातें आहे, आणि तें आम्हांस प्रथम वाटलें त्याहून पुष्कळ जवळचें आहे.

दख्खनच्या या भागाला खेळांची परंपरा नवी नाहीं. जळकोटाहून उदगीरवरून दक्षिणेकडे गेलें कीं पुढें कर्नाटकांत बसवकल्याण लागतें. तेंच चालुक्यांचें कल्याण. तेथील राजा तिसरा सोमेश्वर यानें ११२९ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचिला. शंभर अध्याय आणि पांच विंशति असलेला हा ग्रंथ बडोद्याच्या प्राच्य ग्रंथमालेंत श्रीगोंदेकरांनीं संपादून प्रसिद्ध केला. स्वयंपाकापासून हत्तींच्या चिकित्सेपर्यंत राजाला जें जें ठाऊक असावें तें तें त्यांत आहे. आणि शेवटची विंशति संबंध क्रीडांना दिली आहे. तींत जलक्रीडा, वनक्रीडा यांच्या जोडीला चतुरंग, पाशक म्हणजे फांसे, आणि वराटिका म्हणजे कवड्या, हीं स्वतंत्र प्रकरणें आहेत. राज्य कसें मिळवावें आणि कसें टिकवावें हें सांगून झाल्यावर कवड्या कशा टाकाव्यात हें सांगावयास या राजाला संकोच वाटला नाहीं, ही गोष्ट आम्हांला मोठी मनोज्ञ वाटते.

पैठणहून काशीस गेलेल्या भट्ट घराण्यांतील नीलकंठ भट्टानें सतराव्या शतकांत ‘भगवंतभास्कर’ हा धर्मशास्त्राचा बारा मयूखांचा ग्रंथ लिहिला. त्यांतील राजनीतीला वाहिलेल्या नीतिमयूखांत बुद्धिबळाचे नियम दिले आहेत. पुढें १८७१ मध्यें औरंगाबादच्या, म्हणजे आतांच्या छत्रपति संभाजीनगरच्या, हरिकृष्णशास्त्र्यांनीं ‘बृहज्ज्योतिषार्णव’ नांवाचा अवाढव्य ज्योतिषग्रंथ रचिला. त्याचाच एक भाग ‘क्रीडाकौशल्य’ या नांवानें प्रसिद्ध आहे. त्यांत बुद्धिबळासह कितीएक बैठे खेळ आकृत्यांसह समजावून दिले आहेत. म्हणजे मराठवाड्याशीं नातें सांगणाऱ्या या दोन पंडितांपैकीं एकानें खेळाला राजनीतींत जागा दिली, दुसऱ्यानें ज्योतिषांत. मनोरंजन म्हणून खेळ वेगळा काढावा असें दोघांसही वाटलें नाहीं.

आतां आजींच्या पटाकडे वळूं. मोक्षपट ज्ञानेश्वरांनीं निर्माण केला अशी समजूत महाराष्ट्रांत पसरलेली आहे, आणि अलीकडे वृत्तपत्रांतून ती वारंवार छापून येते. श्रद्धेचा प्रश्न निराळा. इतिहासाच्या दृष्टीनें पाहतां हाती असलेले जुने पट फार तर अठराव्या शतकापर्यंत मागें जातात, आणि तेराव्या शतकाशीं त्यांची सांगड घालील असा समकालीन पुरावा पुढें आलेला नाहीं. हा खेळ मात्र एका पंथाचा नव्हता हें निश्चित. जैनांचे ज्ञानचौपट बहुधा चौऱ्यायशीं घरांचे असत, वैष्णवांचे पुष्कळदां बहात्तरांचे, आणि सूफी मताचे शंभर घरांवर ईश्वराचें सिंहासन मांडणारे पटही उपलब्ध आहेत. घरें वेगळीं, देव वेगळे. पण यंत्रणा एकच. कवडी जेथें नेईल तेथें जावयाचें, आणि ज्या घरांत पाऊल पडेल त्या घराचें नांव मोठ्यानें वाचावयाचें. मत्सराच्या घरीं साप, सत्संगाच्या घरीं शिडी. खेळणाऱ्याला निवडावयास कांहीं नाहीं. त्याची बुद्धि येथें कामाची नाहीं. हा खेळ जिंकावयाचा नसून वाचावयाचा होता.

इंग्रजांनीं तो उचलला तेव्हां काय झालें, हें पाहण्यासारखें आहे. १८९० नंतरच्या दशकांत इंग्लंडांत सापशिडीचे छापील पट विकूं लागले. पहिल्या पटांवर आळस, चोरी, काटकसर अशीं व्हिक्टोरियन काळाला शोभणारीं पापपुण्यें होतीं, आणि सापांची व शिड्यांची संख्याही सारखी करण्याकडे कल दिसतो. आपल्याकडील पटांवर साप सहसा अधिक असत. पुढें शब्दही गळाले. १९४३ मध्यें अमेरिकेंतील मिल्टन ब्रॅडली या कंपनीनें सापाऐवजीं घसरगुंडी काढली. नियमांना धक्का लागला नाहीं, फांसाही तोच राहिला. अर्थ मात्र वाटेंत कोठें सांडला तें कोणास कळलें नाहीं. एक खेळ एका माध्यमांतून दुसऱ्यांत नेतांना नियम सर्वांत सोपेपणानें उचलले जातात, ही गोष्ट वाचकांनीं लक्षांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

चतुरंगाची वाट निराळी. इराण, अरबस्तान या मार्गानें तो युरोपांत गेला, आणि तेथील सेनाधिकाऱ्यांना तो अपुरा वाटूं लागला. हत्ती सरळच कां जावा? डोंगर कोठें आहे, नदी कोठें आहे? १७८० मध्यें ब्रन्सविक येथील गणिताचे अध्यापक हेलविग यांनीं बुद्धिबळाचाच विस्तार करून १६१७ घरांचा युद्धपट तयार केला. त्यांत भूमीचे प्रकार रंगांनीं दाखविले होते. मग प्रशियांतील राइस्विट्झ पितापुत्रांनीं घरेंच पुसून टाकलीं. बापानें १८१२ मध्यें राजाला नजर केलेला खेळ टेबलावरच्या उठावदार भूमीवर होता. मुलानें १८२४ मध्यें तो खऱ्या नकाशावर आणिला. या मुलाच्या खेळांत एक व्यवस्था अशी होती कीं तिच्यामुळें खेळांचा इतिहास बदलला. दोन्ही पक्ष आपले हुकूम लिहून तिसऱ्या माणसाच्या हातीं देत. तो फांसा टाकून, कोष्टकें पाहून, कोण किती मेले हें ठरवी. आणि प्रत्येक पक्षास त्याच्या डोळ्यांना दिसूं शकेल तेवढेंच सांगे. हा तिसरा माणूस म्हणजे पंच.

पंच आला आणि वादही आला. कोष्टकें वाढत गेलीं, एका तासाच्या लढाईला संबंध दिवस लागूं लागला, आणि तरुण अधिकारी कंटाळले. १८७६ मध्यें फेर्डी द्यु वेर्न्वा या प्रशियन सेनापतीनें सांगितलें कीं, अनुभवी माणूस पंच असेल तर कोष्टकांची गरज नाहीं. त्याचा निवाडा हाच नियम. एका बाजूला लिहिलेला नियम, दुसऱ्या बाजूला जाणत्या माणसाची बुद्धि. आपल्या मीमांसकांना आणि न्यायाधीशांना हा झगडा नवा नाहीं. १८८० मध्यें टॉटन नांवाच्या अमेरिकन लष्करी अधिकाऱ्यानें ‘स्ट्रॅटेगोस’ हें पुस्तक लिहिलें, त्यांत दोहोंचा मेळ होता. आणि तें विस्मृतींत गेलें.

तें पुन्हा उघडलें जावयास ऐंशीहून अधिक वर्षें लागलीं. मिनेसोटांतील डेव्हिड वेझली या विद्यार्थ्याला एका ग्रंथालयांत तें सांपडलें. १९६९ मध्यें त्यानें ब्राउनस्टाइन या काल्पनिक प्रशियन गांवाची लढाई मांडली. पण सैन्याखेरीज जे खेळगडी उरले त्यांना त्यानें गांवांतील माणसांचीं सोंगें दिलीं. कोणी नगराध्यक्ष, कोणी सावकार, कोणी विद्यापीठाचा अधिकारी. लढाई राहिली बाजूलाच. हीं सोंगें एकमेकांशीं कारस्थानें करूं लागलीं, द्वंद्वयुद्धें ठरूं लागलीं, आणि पंचाच्या हातून खेळ पार निसटला. वेझलीला वाटलें, आपला प्रयोग फसला. खेळगडी मात्र म्हणाले, पुन्हा कधीं? जगांतील बऱ्याच नव्या गोष्टी अशाच फसलेल्या असतात.

त्या खेळगड्यांत डेव्ह आर्नेसन होता. त्यानें सोंगांचा हा खेळ किल्ल्यांत आणि भुयारांत नेला. इकडे विस्कॉन्सिनमधील लेक जिनिव्हा या गांवीं गॅरी गायगॅक्स यानें १९७१ मध्यें मध्ययुगीन लढायांचे नियम एका सहकाऱ्यासह छापले होते, व त्यांना राक्षस, जादूगार यांची पुरवणी जोडली होती. दोघे एकत्र आले, आणि १९७४ च्या जानेवारींत ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ तीन लहान पुस्तिकांच्या पेटींतून बाहेर पडला. पहिली आवृत्ति एक हजार पेट्यांची. पट नव्हता. सोंगट्या असल्या तर असाव्यात, नसल्या तरी अडत नव्हतें.

ज्यांनीं हा खेळ पाहिला नाहीं अशा वाचकांसाठीं थोडें सांगणें अवश्य आहे. चारपांच जण एका मेजाभोंवतीं बसतात. प्रत्येकजण एक पात्र घेतो: कोणी योद्धा, कोणी चोर, कोणी मांत्रिक, कोणी पुजारी. बळ, चापल्य, काटकपणा, बुद्धि, शहाणपण आणि वजन, असे पात्राचे सहा गुण. मूळ रीत अशी कीं प्रत्येक गुणासाठीं तीन फांसे टाकावयाचे, म्हणजे तीनपासून अठरापर्यंत कांहींही पडेल. एक जण पंच होतो. त्याच्या वहींत भुयाराचा नकाशा असतो, आणि ओठांवर कथा. तो म्हणतो, "पुढें दार आहे, आंतून कण्हण्याचा आवाज येतो." खेळगडी म्हणतात तें करतात, जें संशयास्पद असेल त्याला फांसा, आणि ज्याला नियमच नाहीं त्याला पंचाची अक्कल. आपल्याकडील कीर्तनकाराला श्रोत्यांनीं मधेंच उठून, "बुवा, आतां अर्जुनानें धनुष्य खालीं ठेवूं नये," असें सांगितलें, आणि बुवांना तेथून पुढचें आख्यान रचणें भाग पडलें, तर जें होईल तें हें. चार, सहा, आठ, बारा आणि वीस पैलूंचे फांसे यासाठीं वापरतात. पैकीं वीस पैलूंचा हा या खेळाचा राजा.

अमेरिकेंत १९८० नंतरच्या दशकांत या खेळाविरुद्ध मोठी ओरड झाली. मुलें भुताखेतांच्या नादीं लागतात, प्राण देतात, असे आरोप झाले, आणि अनेक आईबापांनीं पेट्या जाळल्या. आरोप टिकले नाहींत. फांशाविषयींची भीति आपल्या घरांतूनही जुनीच आहे. द्यूतसभेची गोष्ट ठाऊक नाहीं असें मराठी घर नसेल. पण द्यूतांत पणाला लागतें तें स्वतःचें, आणि येथें पणाला लागतें तें कल्पिलेलें. हा भेद लहान नाहीं.

हा खेळ बाहेर पडून दोन वर्षें झालीं नाहींत तोंच विद्यार्थ्यांनीं तो यंत्रांत घातला. इलिनॉय विद्यापीठाच्या प्लेटो या शिक्षणासाठीं बांधलेल्या संगणकजाळ्यावर १९७५ मध्यें भुयारांचा एक खेळ लिहिला गेला. चालकांच्या डोळ्यांत येऊं नये म्हणून त्याला ‘पेडिट५’ असें रुक्ष नांव दिलें होतें. तरी तो पकडला जाई व पुसला जाई. हें सर्व विनापरवाना. परवान्याचें काम १९८७ मध्यें झालें. कॅलिफोर्नियांतील एस. एस. आय. या कंपनीला, जी १९७९ पासून युद्धपटांचे खेळ संगणकावर करीत होती, खेळाच्या मालकांनीं हक्क दिले, आणि १९८८ मध्यें ‘पूल ऑफ रेडिअन्स’ निघाला. त्याच्यामागून आणखी तीन. पेट्यांच्या सोनेरी रंगावरून ही मालिका ‘गोल्ड बॉक्स’ या नांवानें ओळखली गेली. एका खेळांत वाढविलेलीं पात्रें पुढील खेळांत नेतां येत.

या मालिकेंतील एक युक्ति आम्हांस फार आवडते. तेव्हांच्या तबकड्यांवर जागा इतकी थोडी कीं कथा लिहिण्यापुरतीही सोय नव्हती. म्हणून कथेचे परिच्छेद एका छापील वहींत क्रमांक घालून देत, आणि यंत्र प्रसंगीं सांगे: अमुक क्रमांकाचा परिच्छेद वाचा. जो लबाडीनें संबंध वही आधींच वाचील त्याला फसविण्यासाठीं तींत कांहीं खोट्या हकीकतीही मिसळलेल्या असत. फांसा यंत्राकडे, कथा कागदाकडे, आणि पंच कोणीच नाहीं.

पंचाची ही रिकामी जागा भरण्याचा मोठा प्रयत्न ज्या मालिकेंत झाला तीच जळकोटच्या माडीवर चालू होती. तिचें नांव ‘बाल्डर्स गेट’. कॅनडांतील एडमंटन शहरीं तिघां डॉक्टरांनीं १९९५ मध्यें बायोवेअर ही संस्था काढली. वैद्यकी सोडून त्यांचें लक्ष खेळांतच गुंतलें. १९९८ च्या डिसेंबरांत पहिला ‘बाल्डर्स गेट’ पांच तबकड्यांवर प्रसिद्ध झाला. त्याची भूमि एड ग्रीनवुड या ग्रंथालयांत काम करणाऱ्या कॅनेडियन लेखकानें कल्पिलेली. म्हणूनच कीं काय, कथेचा आरंभ एका ग्रंथालय-किल्ल्यांत होतो. कॅन्डलकीप त्याचें नांव. तेथें प्रवेश हवा असेल तर दक्षिणा म्हणून एक दुर्मिळ ग्रंथ द्यावा लागतो. या किल्ल्यांत वाढलेलें एक अनाथ पोर, त्याच्या पालनकर्त्याचा वाटेंत झालेला खून, आणि हळूहळू उमगत जाणारें सत्य कीं आपला जन्मदाता हा हत्येचाच देव होता. कर्णाची जन्मकथा ऐकून वाढलेल्या मराठी वाचकाला या धाग्याची ओळख पटावयास वेळ लागणार नाहीं.

नियम मेजावरचेच, पण पुष्कळ शस्त्रक्रिया करून बसविलेले. पुस्तकांत लढाईची एक फेरी एका मिनिटाची होती. यंत्रांत ती सहा सेकंदांची केली. लढाई सतत चालते, पण कोणत्याही क्षणीं ती गोठवून सहाही सोबत्यांना हुकूम देतां येतात. वार लागला कीं नाहीं याचा हिशेब असा: योद्ध्याचा एक आंकडा असतो, समजा वीस; शत्रूच्या चिलखताचा आंकडा पांच असेल तर वीसांतून पांच वजा जाऊन पंधरा राहिले; वीस पैलूंच्या फांशावर पंधरा किंवा अधिक पडले तर वार लागला. चिलखत जितकें चांगलें तितका त्याचा आंकडा लहान. हा उलटा हिशेब मेजावर शिकवितांना पंचाची पुरेवाट होई. यंत्र तो निमिषांत करतें आणि कोणाला कळूंही देत नाहीं. स्वभावाचे नऊ प्रकार हा या नियमांचा आणखी एक भाग. सज्जन, दुर्जन आणि मधला. शिस्तीचा, स्वैर आणि मधला. तीन त्रिक नऊ. मोक्षपटाचीं घरें जणूं पुसून नऊच ठेवलीं, आणि त्यांपैकीं एकांत खेळगड्यानें आरंभींच बसावें असें ठरलें. पटावर मनुष्य घराघरांतून हिंडे. येथें घर त्याच्याबरोबर हिंडतें.

२००० सालच्या दुसऱ्या भागांत आणि २००१ च्या पुरवणींत ही कथा पुरी झाली. आमच्या मतें पहिल्या भागांत रानें फार आणि माणसें थोडीं. दुसऱ्यांत सोबत्यांना जीभ फुटली. ते आपसांत भांडतात, नायकाच्या वागण्यानें दुखावतात, प्रसंगीं टोळी सोडून जातात. पंचाची जागा लेखकांनीं आगाऊ लिहिलेल्या संवादांनीं भरावी ही कल्पना येथें खरी फळली. तरी ती आगाऊच लिहिलेली. लेखकाला न सुचलेला प्रश्न खेळगडी विचारूं शकत नाहीं. ब्राउनस्टाइनच्या सावकाराचें कारस्थान या यंत्रांत उमलणार नाहीं.

आणि आजींचा प्रश्न येथेंच उभा राहतो. या खेळांत पात्र घडवितांना गुणांचे फांसे यंत्र टाकतें, आणि मनाजोगते न पडल्यास पुन्हा टाकण्याची कळ समोरच असते. तास तास ती कळ दाबीत बसणारे लोक आम्हीं पाहिले आहेत. लढाईंत सोबती मेला, तर जपून ठेवलेल्या ठिकाणीं परत जावयाचें. मेजावर जें घडलें तें घडलें. चार माणसांच्या साक्षीनें पडलेला फांसा उचलून पुन्हा टाकतां येत नाहीं, आणि पंचाच्या डोळ्याला डोळा द्यावा लागतो. यंत्राला साक्षीदार नाहीं. मोक्षपटांत निवड नव्हती, पण परिणाम अटळ होता. येथें निवड उदंड आहे आणि परिणाम पुसतां येतो. फांशाचा नियम अक्षरशः पाळून त्याचा दंश तेवढा काढून घेतलेला आहे. सापशिडींत अर्थ गळाला, येथें धाक गळाला. नियम दोन्हीकडे शाबूत.

तिसरा भाग यावयास बावीस वर्षें लागलीं. प्रकाशकांच्या हातून हक्क गेले, एक अर्धवट झालेला प्रयत्न २००३ मध्यें सोडून द्यावा लागला. अखेर बेल्जममधील गेंट शहराच्या लॅरिअन या संस्थेनें २०२३ च्या ऑगस्टांत तो प्रसिद्ध केला, आणि त्या वर्षींचे बहुतेक मोठे पुरस्कार त्याला मिळाले. या भागाच्या कर्त्यांनीं दोन गोष्टी केल्या. संवादांत संशयाचा क्षण आला कीं वीस पैलूंचा फांसा पडद्यावर सर्वांदेखत गडगडत येतो. हिशेब लपविलेला नाहीं. आणि अपयश आलें तर कथा थांबत नाहीं, दुसऱ्या वाटेनें जाते. हरलेल्यासाठींही लेखकांनीं तितक्याच कष्टानें लिहिलें आहे. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरअखेरीस त्यांनीं आणखी एक प्रकार जोडला, ज्यांत मागें जाण्याची सोयच नाहीं. एकच नोंद, टोळी गारद झाली कीं त्या व्रताचा भंग झाला. इतक्या वर्षांनीं यंत्राला साप परत मिळाला असें म्हणावयास हरकत नाहीं. खेद एवढाच कीं या भागाच्या डझनभर भाषांत एकही भारतीय भाषा नाहीं. जळकोटचा मुलगा तो इंग्रजींत खेळतो, आणि आजींना सांगतांना जागच्या जागीं मराठींत आणतो.

मालकीचा इतिहास तर एखाद्या विनोदी लेखकानें रचावा तसा आहे. घसरगुंडीची सापशिडी काढणारी मिल्टन ब्रॅडली कंपनी १९८४ मध्यें हॅस्ब्रो या अमेरिकन खेळणीवाल्यांनीं विकत घेतली. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ची मूळ कंपनी १९९७ मध्यें एका पत्तेवाल्या कंपनीकडे गेली, आणि ती १९९९ मध्यें त्याच हॅस्ब्रोकडे. म्हणजे मोक्षपटाचें नातवंड आणि चतुरंगाचें खापरपणतवंड, दोन्ही दोन वाटांनीं जग फिरून एकाच दुकानीं नोकरीस लागलीं. आणि तें दुकान मराठी मुलखांत नाहीं.

पुण्यांतील एका लहान संस्थेनें, नॉडिंग हेड्स गेम्स हें तिचें नांव, २०२० मध्यें ‘राजी’ हा खेळ काढला. भावाला शोधीत निघालेल्या मुलीची ती पुराणकथांच्या छायेंतील गोष्ट. लोकवर्गणीचा प्रयत्न फसूनही त्यांनीं तो तडीस नेला हें विशेष. पण तो उड्यांचा आणि शस्त्रांचा खेळ आहे. मेजावरच्या नियमांवरून, फांशापंचांवरून उभारलेला नाहीं. तसा मराठी खेळ व्हावयाचा तर आधीं मेज मराठी व्हावें लागेल. यंत्र नंतर येतें. अमेरिकेंतही तें नंतरच आलें. चार पोरें, एक पंच, उदगीरचा किल्ला आणि १७६० चा माघ महिना, निजामाच्या फौजेवर भाऊसाहेब चालून येत आहेत अशी वार्ता, आणि किल्ल्यांतील एका कारकुनाचें सोंग आपल्या वांट्याला. साहित्याची वाण आहे असें कोणी म्हणूं नये.

निघण्याच्या आदल्या रात्रीं आम्हीं त्या पटाची नक्कल करावयास घेतली. चिंचोके फोडून कवड्यांचें काम भागविलें, आणि आजींनीं नातवाला खालीं बोलावून खेळावयास बसविलें. ज्या घरांतील अक्षरें पुसलीं होतीं तेथें सोंगटी आली कीं त्या आठवून सांगत. कांहीं सांगितलीं, कांहीं त्यांनाही आठवलीं नाहींत. नातू दोनदां वरच्या ओळींतून खालीं आला. दुसऱ्या वेळीं त्यानें आमच्याकडे पाहिलें, आणि कांहीं न बोलतां पुन्हा चिंचोके उचलले. नकलेंत आमच्या अकरा घरांची नांवें कोरीं राहिलीं आहेत. लातूर, नांदेड, बीदर या भागांत कोणाच्या घरीं असा पट ट्रंकेंत पडून असेल, तर तो उन्हांत न वाळवतां सांवलींत उलगडावा, आणि घरांतील वडील माणसें आहेत तोंवर घरांचीं नांवें त्यांच्याकडून उतरून घ्यावीं.